दोन नंबरचा रिमोट

प्रिय अक्का,

उद्या अक्षय्य तृतीया, आपली आखाजी. सकाळच्या पहिल्या गाडीने मी धुळ्याला निघेन, दरवर्षी निघतो तसाच, मुराळी म्हणून. इतकी वर्षं तुला माहेरी आणायला यायचो. तू वेणीफणी करून, पिशवी मांडीवर घेऊन ओट्यावर बसलेली असायचीस आणि मी गल्लीच्या तोंडाशी दिसलो की आतल्यांना ओरडून सांगायचीस, "उना मना भाऊ!" यंदा तू नाहीस. यंदा मी तुझ्या स्नेहलला आणायला येतोय.

म्हणून हे पत्र. दुसऱ्या कुणाला सांगू? माझ्या काळज्यांना घरातली माणसं कधीच कंटाळली आहेत. तूही हसायचीस, चिडवायचीस, पण शेवटपर्यंत ऐकून घ्यायचीस. तर आता ऐक.

टीव्हीवर खेळायचा आपला गेम माझ्यासमोर पडलाय. आईच्या त्याच हिरव्या लुगड्यात गुंडाळलेला. मागच्या आखाजीला निघताना तू बांधलेली गाठ तशीच आहे. दुपारची वेळ, बाहेर ऊन मी म्हणतंय, कूलर घरघरतोय. वंदना आतून दर थोड्या वेळाने विचारते, "अहो, एकदा लावून तरी बघा! नाही चालला तर उद्या त्या पोरीसमोर काय कराल?" बायको बरोबर बोलतेय हे मला कळतं. पण हात त्या गाठीकडे जात नाही.

तू गेल्यापासून स्नेहल एकदाही जळगावला आली नाही. फोन केला की "हो मामा", "बरी आहे मामा", "जेवले मामा". त्यापुढे काही नाही. दाजी म्हणतात, ती रडलीच नाही. दारावर येणाऱ्या बायका तिच्या गळ्यात पडून रडायच्या आणि हीच त्यांना पाणी आणून द्यायची. सुतक फिटलं त्या गंधमुक्तीच्या दिवशीही पदर खोचून पंगतीत वाढत होती. आणि गेल्या आठवड्यात तिचा आपणहून फोन! "मामा, आखाजीला मला न्यायला याल? आईला न्यायचात तसं?" मी हो म्हणालो. मग म्हणाली, "आईचा गेम लावाल?"

काय बोलणार होतो मी? लावू की, म्हणालो. अगदी मोठ्या तोऱ्यात. आणि फोन ठेवल्यापासून काय काय बिघडलेलं निघेल त्याची यादी करतोय.

अॅडॅप्टर गेला असेल तर? रिमोटचं रबर कडक झालं असेल तर? त्या जुन्या पोर्टेबल टीव्हीचं चित्र वर वर सरकत राहिलं तर? नव्या टीव्हीला ही वायर लागत नाही, हे तुला माहीत आहे. म्हणून तर तो काळा-पांढरा डबा मी माळ्यावर सांभाळून ठेवलाय आणि दर दिवाळीला वंदनाची बोलणी खातोय. तो तरी चालू होईल का? पोरीने आईची म्हणून एकच वस्तू मागितली आणि तीच मेलेली निघाली, तर मी तिला काय सांगू, अक्का?

तू असतीस तर म्हणाली असतीस, "काय रे काळजीवाहू!" टीव्हीवरच्या बातम्यांत तेव्हा सारखं काळजीवाहू सरकार असायचं, तिथून उचलून तू तो शब्द मला चिकटवला होतास. दिल्लीतली सरकारं गेली, दुसरी आली, मी मात्र अजून त्याच पदावर आहे.

पण काळजी करायला मला या गेमनेच शिकवलं, हे तरी तू मान्य करशील ना? तो घरात आला तोच मुळी चोरासारखा.

ब्याण्णव-त्र्याण्णव साल असेल. मी सहावीत होतो, तू कॉलेजात. आखाजीच्या दिवशी, एरवी पत्त्यांना हात न लावणारी माणसंही कडुनिंबाखाली सतरंजी टाकून बसायची आणि त्या एका दिवशी कुणाची बायको कुणाला हटकायची नाही. आपले नाना मात्र कधी बसले नव्हते. डाळमिलमधली मुकादमी, घर आणि रेडिओ, संपलं. त्या वर्षी डाव मांडायला एक माणूस कमी पडला म्हणून गल्लीतल्यांनी त्यांना हाताला धरून बसवलं. आणि नाना जिंकत सुटले! स्टेशन रोडला घड्याळ-रेडिओचं दुकान असलेले एक शेठ होते, ते हरत गेले. शेवटी हसत हसत म्हणाले, आता दुकानातली वस्तूच लावतो. तीही नानांनी जिंकली.

संध्याकाळी नाना खोका काखेत धरून आले तेव्हा त्यांचा चेहरा आठवतो का तुला? जिंकून आलेल्या माणसाचा चेहरा असा पडलेला मी पुन्हा कधी पाहिला नाही.

आई चुलीपुढून उठून आली. "हाई काय लई उनात?"

"जितनू मी," नाना हळूच म्हणाले. "टीव्हीवर खेळायचा गेम शे. पोरांना होईल."

"जुगारनी वस्तू मना घरमा नको. सकाय परत करी या."

मी तर तिथेच रडायला लागलो. खोक्यावरचं चित्रही अजून नीट पाहून झालं नव्हतं. तेवढ्यात तू मध्ये पडलीस. हातात गौराईची आरती, कपाळावर घामाने ओघळलेलं कुंकू, आणि आवाज असा की जणू तू वकिलीच शिकत होतीस. "माय, आखाजीले पत्ता चालतस ना? मंग हाऊ बी आखाजीनाच डाव शे. आखाजीपुरता ठेव."

आईने खोका उलटापालटा करून पाहिला. मग तिने तो कायदा केला, जो आजतागायत कुणी मोडलेला नाही. "आखाजीना खेय आखाजीलेच. बाकीनं साल मना डोयासमोर नको."

म्हणजे काय, तर सणाच्या दिवशी बाहेर काढायचा, दिवसभर खेळायचा आणि दुसऱ्या दिवशी, करीला, बांधून ठेवायचा. कुठे? गव्हाच्या कोठीत! नव्या गव्हावर कडुनिंबाचा पाला, पाल्यावर लुगड्यात गुंडाळलेला गेम, आणि वरून झाकण. घरात तेवढी एकच जागा होती जी आईच्या हाताशिवाय उघडत नसे.

वर्गात मी सांगायचो, माझ्याकडे गेम आहे, पण तो गव्हात आहे. पोरं माझी टर उडवायची. तुला सांगितलं तर तूही पोट धरून हसलीस.

माझं ते वर्ष कसं जायचं, तुला काय माहीत! गव्हाला किडे लागले तर कॅसेटमध्ये जातील का? उंदराने वायर कुरतडली तर? पावसाळ्यात कोठीला ओल आली तर? आई दळणाला गहू काढायला लागली की मी सूप धरायला धावायचो. तिच्या ते लक्षात आलं होतंच. "गहू काढाले उना का तुना गेम दखाले?" असं म्हणून ती हाताने पाला जरासा बाजूला करायची, हिरवं लुगडं मला दिसू द्यायची आणि पुन्हा झाकण लावायची. तेवढ्यावर माझा महिना निघायचा.

आणि मग आखाजी यायची. गाठ सुटायची. निंबाच्या सुकलेल्या पाल्याचा आणि गव्हाच्या धुळीचा तो वास! अजूनही कुठे नवा गहू भरताना दिसला की मला रणगाडे आठवतात. आपला आवडता खेळ तोच होता ना, दोघांनी मिळून खेळायचा, आपापला रणगाडा घेऊन विटांच्या भिंती फोडत जायचं. बदकं मारायची बंदूकही होती, पण ती तुला आवडायची नाही. बिचारी बदकं, म्हणायचीस.

दोन रिमोट होते. एक नंबरच्या रिमोटला चालू करायचं आणि थांबवायचं बटण होतं. दोन नंबरच्याला नव्हतं. त्या बटणांची जागा नुसती कोरी होती. तू पहिल्या दिवसापासून दोन नंबर घेतलास. मी तेव्हा विचारलंसुद्धा नाही. मोठी बहीण धाकट्याला चांगली वस्तू देते, एवढाच अर्थ मी काढला आणि एक नंबर घट्ट धरून ठेवला.

आणि तुला सारख्या हाका! "सुनंदा, पोळी उलट." "सुनंदा, रस काढ." "सुनंदा, बाहेर पाव्हणे आलेत." अंगणातल्या झोक्यावरून मैत्रिणीही ओरडायच्या. तू उठायचीस, रसाने चिकट झालेले हात धुवायचीस, परत येऊन बसायचीस, की पुन्हा हाक. तोवर तुझा रणगाडा एका कोपऱ्यात उभा असायचा आणि मी एकटा लढत असायचो. परत आलीस की तुझा पहिला प्रश्न, "मेलो का आपण?"

आणि तो अॅडॅप्टर! आखाजीच्या उन्हात खानदेशात माणूस तापतो, तिथे त्या काळ्या डबीची काय कथा? मी खेळताना दर जरा वेळाने हात मागे नेऊन तिला चटका बसतो का ते बघायचो. एकदा तर इतकी तापली की मी खेळ थांबवला आणि घरात सगळ्यात गार वस्तू कुठली ते शोधत फिरलो. मला ती सापडली देवळीखाली. कुंभाराकडून आणलेली कोरी घागर, पाण्याने भरलेली, वर डांगर म्हणजे आपलं खरबूज, त्यावर सांजोऱ्या आणि आंबा, पुढे हळदीकुंकू. पितरांसाठी भरलेली. आपल्या आजोबांच्या, आबांच्या नावाची! मी अॅडॅप्टर लांब वायरने नेऊन तिच्या ओल्या पोटाला टेकवून ठेवला.

पाण्याने पाझरणाऱ्या घागरीला विजेची डबी! आज आठवलं तरी अंगावर काटा येतो. नशीब, कुणाला शॉक बसला नाही. तू आलीस, पाहिलंस, तोंडावर हात ठेवलास, आणि पहिल्यांदा डबीखाली कोरडा पाट सरकवलास. मग म्हणालीस, "चाल, आता खेळ."

आईने पाहिलं तेव्हा तिच्या हातातलं उलथनंच खाली पडलं. "आरे, पितरस्नी घागर शे ती!"

मी गारठलो. आता गेम कायमचा जातो, एवढंच डोक्यात. आणि तू डोळेसुद्धा टीव्हीवरून न काढता म्हणालीस, "आबाच धरी बठनात त्याले, माय! त्येसले बी खेयनं व्हई." नाना ओसरीवर पडले होते, वारलेल्या आबांनाही खेळायचंय हे ऐकून ते खो खो हसले. मग आईच्याही ओठांचे कोपरे हलले. पुढे कितीतरी आखाज्या तो पाट तिथेच राहिला, आणि आई घागर भरली की स्वतःच विचारायची, "आबा बठनात. तुमनी डबी कोठे शे?"

तुझं लग्न झालं आणि तूही आखाजीपुरती झालीस. आता हे लिहिताना वाटतं, आईच्या कायद्याने गेम आणि तू एकदमच घरी यायला लागलात. मला मिसरूड फुटत होतं, पण मुराळी म्हणून मला पाठवायचे. एरंडोल, पारोळा, प्रत्येक थांब्यावर मी खिडकीतून डोकं काढून गाडी बिघडली नाही ना ते बघायचो. परतीच्या गाडीत बसलो की तुझा प्रश्न ठरलेला. "काढला का रे?" "आई म्हणते, अक्का आल्यावर." मग तू समाधानाने खिडकीला डोकं टेकायचीस.

लग्नानंतरच्या पहिल्याच आखाजीला तो घोटाळा झाला. तुझे सासरे करीच्या सकाळीच तुला न्यायला हजर झाले. आपण तेव्हा कधी नव्हे इतके पुढे पोचलो होतो. तू रिमोट ठेवलास आणि उठलीस. मी थांबवायचं बटण दाबलं. तू दारातून म्हणालीस, "राहू दे तसाच, पुढच्या आखाजीला पुरा करू." चेष्टेत म्हणालीस ना? मी ते खरं धरलं! टीव्ही बंद केला आणि गेम चालूच ठेवला, लुगड्याखाली झाकून, पलंगाच्या मागे. आईला थाप मारली, वायर गुंडाळून झाली की कोठीत ठेवायला देतो. मी रात्रंदिवस त्याला हात लावून बघायचो. गरम आहे, म्हणजे डाव जिवंत आहे. लाइट जाऊ नये म्हणून मारुतीला नारळ बोललो होतो, सांगितलं होतं का तुला?

लाइट गेली. आपल्याकडे ती जाणारच होती. मी शेजारच्यांच्या फोनवरून धुळ्याला फोन केला आणि रडतच म्हणालो, "अक्का, मोडला डाव." तू घाबरलीस, तुला वाटलं घरात काही बरंवाईट झालं. मग कळल्यावर म्हणालीस, "मोडला तर मोडला, येड्या. पुन्हा पहिल्यापासून खेळू. मी येतेच आहे ना?"

येतेच आहे ना, म्हणाली होतीस. किती सहज!

अक्का, एक गोष्ट मला तुला विचारायचीच आहे. मागच्या आखाजीला तुझे पाय सुजलेले होते. चपलेचा पट्टा काढल्यावर त्याची खूण तशीच राहिली होती. मी विचारलं. तू म्हणालीस, "ऊन लागलंय रे, गाडीत पाय लोंबत होते." गाडीत पाय लोंबत होते! आणि मी, जो गॅसचं बटण पुन्हा पुन्हा तपासतो, जो अॅडॅप्टरला हात लावून बघतो, मी ते मान्य केलं. तुला तेव्हा माहीत होतं. दाजींनी नंतर सांगितलं, आजार बरा होणारा नाही हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. मग मला का नाही सांगितलंस? आयुष्यभर मी फालतू गोष्टींची काळजी करत आलो. एकदा खरी काळजी करायची वेळ आली, तर तीच तू माझ्यापासून लपवलीस! हा राग अजून गेलेला नाही. जाईल की नाही, माहीत नाही.

त्या दिवशी खेळतानाही तू सारखी उठत होतीस. पाणी प्यायला, जरा आडवं व्हायला. मी कुरकुरलो, "बस ना गं, कुठे जातेस सारखी?" तू म्हणालीस, "तू खेळ. दोन नंबरवाल्याचं काय अडतंय?"

हे वाक्य तेव्हा कानावरून गेलं. गेल्या आठवड्यात स्नेहलचा फोन आला आणि ते परत आलं. खरंच की! एक नंबरवाला उठला तर डाव अडतो, कारण चालू करायचं आणि थांबवायचं बटण त्याच्याच हातात. दोन नंबरवाला उठला तर पहिला आपला खेळत राहू शकतो. तुला हाका येणार हे तुला सहावीतल्या पोरापेक्षा नीट माहीत होतं. म्हणून तू तो घेतलास ना? तुझ्यामुळे माझा डाव कधी थांबू नये म्हणून? चांगला रिमोट, वाईट रिमोट, असलं काही नव्हतंच! आणि मला हे कळायला एवढी वर्षं लागली, आणि आता विचारायला तू नाहीस.

आज सकाळी आईबरोबर कुंभाराकडे गेलो होतो. सत्तरी ओलांडली तरी घागर तीच निवडते, बोटाने वाजवून. एक निवडली. मी पैसे द्यायला लागलो तर म्हणाली, थांब. आणि दुसरी वाजवायला लागली.

"दोन कशाला?" मी विचारलं.

"एक नानास्नी. एक तिनी."

नानांची दरवर्षीचीच, तुझी यंदा पहिली. मग घाबरत म्हणालो, "आई, अक्काची घागर तर तिच्या सासरी भरायची ना? दाजी भरणार आहेत. उद्या मी तिथे असेनच. दोन्हीकडे भरलेली चालते का? कुणाला तरी विचारू या."

आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा सहावीत गेलो. "धुयानी घागर धुयाले. मनी पोर शे ती. तिले तहान लागनी तं ती आठेच ई."

तहान लागली तर लेक इथेच येणार, हे ऐकून कुंभाराच्या बायकोने दुसरी घागरही पुसून पुढे केली. दोन्ही घागरी मी मांडीवर घेऊन रिक्षातून आणल्या, तडा जाऊ नये म्हणून सारा रस्ता त्यांना दाबून धरून.

घरी आल्यावर मी तिला तेही विचारलं. वर्षसुद्धा झालं नाही, यंदा आपल्याकडे सण नाही, मग गेम काढलेला चालेल का? मला वाटलं होतं, ती नको म्हणेल आणि मी सुटेन. खरं सांगतो, तशी आशाच होती माझी. स्नेहलला सांगता आलं असतं, आजी नको म्हणाली.

आईने सरळ पिंपाचं झाकण काढलं. हो, आता गहू स्टीलच्या पिंपात असतो, पण गेम तिथेच असतो, पाल्यावर. तिने तो दोन्ही हातांनी उचलला आणि माझ्या पुढ्यात ठेवला.

"पण चालू नाही झाला तर?" मी म्हणालो.

"नही व्हयना तं नही व्हयना. पोर ई राहिनी ना?"

पोर येतेय, तिला तेवढं पुरे. तेव्हापासून तो इथे पडलाय आणि मी तुला लिहीत बसलोय. माझी भीती आईच्या बोलण्याने गेली असं समजू नकोस. ती आहेच. आत्ताही एका हाताने लिहितोय आणि दुसरा हात लुगड्यावर ठेवलाय. गार आहे. गार असणारच, बंद आहे ना तो. तरी मला ते बरं वाटत नाही.

वंदना पुन्हा विचारून गेली. मी तिला सांगितलं, आज नाही. आखाजीचा खेळ आखाजीलाच. ती कपाळाला हात लावून आत गेली. तिला काय सांगू की ही गाठ तू बांधलेली आहे, आणि ती मी आज सोडली आणि आतलं काही चाललं नाही, तर मग सबंध उद्याचा दिवस मला ते एकट्याने माहीत असेल? तुझ्यासारखं लपवून ठेवणं मला जमणार नाही. उद्या जे काही होईल ते मला आणि स्नेहलला एकाच वेळी कळू दे.

म्हणून तुला कबूल करतो, अक्का. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी न तपासता ठेवून देतोय. उद्या धुळ्याला तुझ्या घागरीला नमस्कार करीन आणि स्नेहलला घेऊन दुपारच्या गाडीने येईन. गाडीत तिने "काढला का?" विचारलं, तर "तू आल्यावर" म्हणेन. गाठ तीच सोडेल. अॅडॅप्टर तापला तर तुझ्या इथल्या घागरीला टेकवीन, पाट सरकवून, कोरडा, घाबरू नकोस. आई ओरडणार नाही. तिने पाट आधीच धुऊन ठेवलाय, मी पाहिला.

आणि एक नंबरचा रिमोट स्नेहलच्या हातात देईन. चालू तिने करायचं, थांबवायचं तिने. दोन नंबर मी घेणार. म्हणजे मला डोळे पुसायला मधेच उठून आत जावं लागलं, तरी तिचा डाव थांबणार नाही.

तुझाच,
सुध्या
जळगाव, आखाजीच्या आदल्या दुपारी